गोगलगायींची साक्ष

१

ज्या टाकीत विषाचा थेंबही पडला नव्हता, नेमक्या त्याच टाकीतल्या मासोळ्या मरायला टेकल्या होत्या.

शनिवारची सकाळ. एकोणीसशे सत्तर सालचा फेब्रुवारी नुकताच लागला होता. नांदुऱ्याच्या स्टेशनापलीकडच्या कॉलेजात ग्रंथपाल शकुंतलाबाई कपाटांची कुलपं काढत होत्या, तेवढ्यात जीवशास्त्राचे उद्धवसर आत आले. हा तरुण प्राध्यापक एरवी वाऱ्यासारखा यायचा. आज खुर्चीत बसला तो कुणी वरून खाली सोडून द्यावा तसा.

"बाई, माझं सगळं उलटं झालं," ते म्हणाले.

शकुंतलाबाईंनी चष्मा पुसला. बाईंचं वय बेचाळीस, अंगकाठी सडपातळ, आणि ख्याती एकच. दहा वर्षांत त्यांच्या ग्रंथालयातून एकही पुस्तक हरवलं नव्हतं. हरवायची तयारी पुष्कळांनी केली होती. पण बाई घरी जाऊन, चहा घेऊन, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी विचारून पुस्तक उशीखालून काढून आणीत. त्यामुळे कॉलेजात कुणाचं काही बिनसलं की पावलं आपोआप इकडे वळत.

"उलटं म्हणजे कसं? सुलटं काय होतं ते आधी सांगा."

उद्धवसरांनी सांगितलं. वडनेर भोलजी त्यांचं गाव. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, एन्ड्रिन फवारायला लागल्यापासून तिथल्या तळ्यातल्या मासोळ्यांच्या अंगावर चट्टे पडत. औषध पाण्यात उतरतं, पण इतकं थोडं की मासोळी त्याने मरत नाही. मग चट्टे कशाचे? सरांचा संशय असा की ते थोडं विष मासोळीची रोगाशी लढायची ताकद खातं.

हे तपासायला त्यांनी प्रयोगशाळेत काचेच्या तीन टाक्या मांडल्या होत्या, प्रत्येकीत बारा मरळ मासोळ्या. पहिलीत साधं स्वच्छ पाणी. दुसरीत एन्ड्रिन नखभर, तिसरीत त्याहून जरा जास्त. मग सगळ्या मासोळ्यांना बोकडाच्या रक्तपेशी सुईने टोचल्या. परकं रक्त अंगात आलं की शरीर त्याच्याशी लढायची तयारी करतं. तीन आठवड्यांनी मासोळीच्या रक्ताचा अंश काढून त्यात बोकडाच्या पेशी टाकल्या की पेशींच्या गुठळ्या होतात. गुठळ्या जितक्या दाट, तितकी मासोळी लढाऊ.

"म्हणजे पहिल्या टाकीत गुठळ्या सगळ्यांत दाट यायला हव्या," बाई म्हणाल्या.

"हव्या होत्या! काल संध्याकाळी पाहिलं. तिसरीत कमी, दुसरीत बऱ्या, आणि पहिलीत जवळजवळ नाहीतच. वर आज दोन मेलेल्या सापडल्या, अंगावर कापसासारखी बुरशी. बाई, माझ्या चांगल्या टाकीत कुणीतरी काहीतरी टाकलंय."

"कुनी काही टाकलं नाही!" दारातून आवाज गडगडला. प्राचार्य भगवानराव. मूळचे सोनाळ्याचे शेतकरी घरातले. इंग्रजी उत्तम, पण राग आला की सरळ वऱ्हाडीत शिरायचे. "त्या पुंजाजीनं टाक्यांची अदलाबदल केली, नाहीतर विषाचा हात चांगल्या पान्यात घातला. सोमवारी अकराच्या गाडीनं विद्यापीठाची मानसं येऊन राह्यली, अन् यायले दाखवू काय? मेलेल्या मासोळ्या?" बोट नाचवताना त्यांच्या पांढऱ्या बाहीवरचे फिकट निळे ठिपकेही नाचत होते. बाईंना वाटलं, शाई. "सोमवारीच कायम करायच्या नोकरांची यादी जाते. ज्याच्या हातून हे झालं, त्याचं नाव मी कापनार. अकरा वर्षं असोत की एकवीस!"

पुंजाजी हा प्रयोगशाळेचा परिचर. अकरा वर्षं हंगामी. यंदा वयाची मर्यादा संपत होती. या यादीत नाव गेलं नाही तर पुढे कधीच जाणार नव्हतं आणि उन्हाळ्यात त्याला घरी बसावं लागणार होतं. ग्रंथालयाची झाडलोटही तोच करायचा, आणि पुस्तकांना फडकं असं लावायचा की जणू लेकराचं तोंड पुसतोय.

बाई उभ्या राहिल्या. "सर, सोमवार सकाळपर्यंत वेळ द्या. तोवर लाल पेन्सिल खिशात ठेवा."

भगवानराव क्षणभर घुटमळले. त्यांच्याही उशीखालून बाईंनी एकदा एक पुस्तक काढलं होतं. "बरं. सोमवारी नऊला," ते म्हणाले, आणि गेले.

२

प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात पुंजाजी गांडुळं धूत बसला होता. बाईंना पाहताच उठला, हात धुतले आणि तिवईवरच्या गुंडातून, म्हणजे मोठ्या घागरीतून, पेला भरून आणला. नवाकोरा तांब्याचा गुंड चिंचेने घासून असा लखलखत होता की त्यात बाईंना आपला चष्मा दिसला.

"घ्या बाई. उन्हातून आल्या."

पाणी गार होतं. बाईंनी पेला रिकामा केला आणि भोवताली नजर फिरवली. भिंतीशी मातीचे तीन रांजण. दोन भरलेले, एक पालथा घातलेला. तिवईमागे भिंतीवर खडूच्या रेघा, पाचपाचाचे जुडगे करून नीट ओढलेल्या. आत तीन टाक्या. पहिलीत दहा मरळी तळाशी गुमान पडलेल्या, कल्ले जड हलत होते. बाकीच्या दोन टाक्यांत त्या मानाने बरीच चहलपहल.

"पुंजाजी, टाक्या बदलल्या का हो कधी?"

"बाई, टाकी हालवाले चार गडी लागतात. अन् मी मासोळ्या वळखतो ना! हे शेपटी तुटकी पयलीतलीच. हे टिकलीवाली बी पयलीतलीच."

"आणि पाणी?"

"इहिरीचं. इहिरीत नगरपालिका पावडर टाकते, म्हनून सर म्हनले रातभर पानी ठेवा, मंग घाला. सांजच्याले भरतो, सकाळी घालतो. रोज पाव टाकी काढाची, पाव टाकी भराची. एक दिवस चुकलो नाई."

"विष कोण टाकतं?"

"सर सोता. थे बाटली मले हात बी लावू देत नाईत."

बाईंनी पहिल्या टाकीच्या काचेला नाक लावलं. तळाशी वाळूत बारीक शंख पडले होते. दुसऱ्या टाकीतही शंख होते, पण ते काचेवरून हळूहळू चढत होते.

"हे काय?"

"गोगलगायी. तळ्यातून मासोळ्यासंगं आल्या. काच साफ ठेवतात म्हनून सरांनी ठिवल्या." पुंजाजीने पहिल्या टाकीत पाहिलं आणि तोंड पाडलं. "ह्यातल्या साऱ्या मेल्या, बाई. संक्रांतीपर्यंत चांगल्या होत्या. मासोळ्या बी हात पाह्यला का वर येत. संक्रांतीनंतर हळूहळू खानं कमी झालं. सरांले सांगतलं त थे म्हनले थंडी हाय."

"संक्रांतीच्या सुमाराला इथे कोण कोण आलं होतं?"

पुंजाजीने बोटांवर मोजलं. "गुलाबराव सेठ तिळगूळ घेऊन आलते. लक्ष्मीकांत सर त रोजच येतात, त्यायची रसायनशास्त्राची खोली बाजूलेच हाय. प्राचार्य साहेब फेरी मारून गेले." मग जरा थांबून तो हळूच म्हणाला, "बाई, माह्यं नाव कटलं त कटो. पन ह्या दहा जगतील ना?"

बाईंना एकदम भरून आलं. पदराने चष्मा पुसला आणि बाजारपेठेकडे निघाल्या.

३

गुलाबरावांचं फवारणीच्या औषधांचं दुकान बाजारात अगदी मोक्यावर होतं. दुकानात डबे छतापर्यंत, आणि मध्ये गादीवर गुलाबराव, डब्यांपेक्षा गोल. उद्धवसरांना पहिला संशय त्यांचाच. प्रयोग खरा ठरला तर एन्ड्रिन घेणार कोण?

"या बाई, या! पुस्तक नेलं नाई म्या, आईची आन!" गुलाबराव आधीच ओरडले.

"पुस्तकाचं नाही. मासोळ्यांचं आहे."

बाईंनी सगळं सांगितलं. गुलाबराव खो खो हसले, इतके की गादी हलली.

"म्हनजे म्या जाऊन मासोळ्याले जहर पाजलं? बाई, उद्धव मास्तरले एन्ड्रिन म्याच फुकट देल्लं. माह्यं सोताचं वावर हाय वडनेरले, तळ्याच्या खालतं. मले बी पाह्यजेच ना का हे पानी माह्या नातवानं प्यावं का नाई!" मग त्यांचा आवाज उतरला. "इकतो म्या जहर, खोटं काऊन बोलू? पन कोनत्या डब्यात काय हाय हे माह्यावानी कोनाले ठाऊक नाई. तुमी म्हनता त्या टाकीत गोगलगायी बी मेल्या?"

"सगळ्या."

"मंग थे एन्ड्रिन नाई, लिहून घ्या! एन्ड्रिन फवारलं का अळी मरते, मासोळी मरते, साप बी मरते. पन गोगलगाय? मस्त फिरते मालकिणीवानी. तुमच्या दुसऱ्या अन् तिसऱ्या टाकीत एन्ड्रिन हाय, तिथं जित्या हायेत का नाई?"

बाई पायरीवर थांबल्या. होत्या. काचेवर चढत होत्या.

म्हणजे पहिल्या टाकीत विष होतं, पण ते दुसरंच होतं. अदलाबदल झाली नव्हती आणि सरांची बाटलीही चुकून त्यात ओतली गेली नव्हती. पुंजाजीच्या गळ्याभोवतीचा फास जरा सैल झाला म्हणून बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी गुलाबरावांच्या हातचा पेढा खाल्ला. एरवी त्या दुकानात त्या पाणीही पीत नसत.

४

दुपारी ग्रंथालय बंद करून बाईंनी शेतकीची सगळी पुस्तकं टेबलावर ओतली. चौथ्या पुस्तकात सापडलं. तळ्यातल्या गोगलगायी मारायला मोरचूद वापरतात, म्हणजे तांब्याचा क्षार. पाण्यात अगदी थोडा असला तरी पुरतो. पुढच्याच ओळीत इशारा होता: मासे असलेल्या तळ्यात जपून.

बाई तडक लक्ष्मीकांत सरांकडे गेल्या. रसायनशास्त्राचे हे प्राध्यापक इतके नीटनेटके की परीक्षानळ्याही उंचीप्रमाणे लावत. उद्धवसरांशी त्यांचं गेलं वर्षभर बोलणं नव्हतं. एकुलता एक सूक्ष्मदर्शक दोघांनाही बुधवारीच लागायचा, एवढंच कारण.

"तांबं आहे का ते तपासायचं? सोपं आहे," लक्ष्मीकांत सर म्हणाले. "पण इतकं थोडं असेल तर तसं दिसणार नाही. पाणी आटवावं लागेल."

पहिल्या टाकीचं बादलीभर पाणी आणि दुसऱ्या टाकीचं बादलीभर पाणी, दोन स्टोव्हवर चढली. तीन तास उकळून दोन्ही कपभर उरली. लक्ष्मीकांत सरांनी दोन्ही गाळून घेतली आणि दोन नळ्यांत अमोनियाचे थेंब सोडले. दुसऱ्या टाकीची नळी तशीच राहिली. पहिल्या टाकीच्या नळीत रंग फुटला, निळा, अगदी फिकट, पण निळाच.

"तांबं!" लक्ष्मीकांत सरांना आनंद झाला. विद्येचा आनंद माणसाला आंधळा करतो. आपण कशात पाय घालतोय हे त्यांना कळलं नाही. "थांबा, मोरचुदाशी रंग ताडून दाखवतो." त्यांनी कपाट उघडलं आणि हात हवेतच राहिला.

उंचीप्रमाणे लावलेल्या बाटल्यांच्या रांगेत एक दात पडल्यासारखी जागा रिकामी होती.

"मोरचुदाची बाटली," ते पुटपुटले. "संक्रांतीच्या आठवड्यापर्यंत होती."

दारात उद्धवसर उभे होते. त्यांनी निळी नळी पाहिली, रिकामी जागा पाहिली, आणि वर्षभरात पहिल्यांदा लक्ष्मीकांत सरांशी बोलले. "सूक्ष्मदर्शकासाठी इतकं?"

लक्ष्मीकांत सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचाऱ्यांना भांडताही येत नव्हतं.

५

रविवारी सकाळी लक्ष्मीकांत सर बाईंच्या घरी आले. रात्रभर झोप नसावी, पण डोकं चाललेलं होतं.

"शकुंतलाबाई, मी टाकलं नाही हे मी सिद्ध करू शकत नाही. पण एक सांगतो. पुंजाजी रोज पाव टाकी पाणी बदलतो. संक्रांतीला कुणी बाटलीतून मोरचूद टाकलं असतं, तर आतापर्यंत सगळं धुऊन गेलं असतं. टाकीत आजही तांबं आहे. म्हणजे ते रोज येतंय. थोडं थोडं, रोज सकाळी."

बाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली. रोज सकाळी त्या टाकीत हात घालणारा माणूस एकच होता.

त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण आधी बाटली कुठे गेली ते पाहायला हवं होतं, आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना ते निळे ठिपके आठवले होते. प्राचार्य लिहायला काळी शाई वापरत.

भगवानरावांच्या घरी बाई मागच्या दाराने गेल्या. परसात सोनाळ्याहून आणलेली संत्र्याची पंधरा कलमं होती. प्रत्येकाच्या बुंध्याला निळसर पांढरा लेप. कोपऱ्यात चुन्याची पाटी, तिच्याशेजारी मोरचुदाचं लेबल लावलेली बाटली. अर्धी रिकामी.

भगवानराव हातातल्या कुंचल्यासकट पकडले गेले. "कलमांवर डिंक्या रोग आला होता बाई," ते पोरासारखे म्हणाले. "मोरचूद अन् चुना लावा लागते. लक्ष्मीकांतले सांगाचं राहून गेलं. सांगू नका त्याले."

"मी नाही, तुम्हीच सांगणार आहात," बाई म्हणाल्या. "उद्या नऊला."

प्राचार्यांच्या पत्नी कौशल्याबाई हसत बाहेर आल्या. गोऱ्यापान, बोलक्या. "बरं झालं कुणीतरी पकडलं. बसा, पाणी घ्या." त्यांनी तांब्याभर पाणी आणलं. तांब्या नवा, चकचकीत.

"छान आहे," बाई म्हणाल्या.

"संक्रांतीचं वाण! यंदा मी शेगावच्या बाजारातून तांब्याचीच भांडी आणली. तांब्यातलं पाणी आरोग्याला चांगलं ना! हळदीकुंकवाला सगळ्यांना तांबे वाटले. पुंजाजीच्या रुखमाबाईला मात्र मोठा गुंड दिला. आमच्या पोरीच्या लग्नात त्या माऊलीने चार दिवस पाठ टेकली नव्हती हो. तर ती म्हणाली, एवढा सुंदर गुंड घरी कशाला, कॉलेजात ठेवते, सगळे पितील."

बाईंच्या हातातला तांब्या ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. व्हरांड्यातला पालथा रांजण त्यांना दिसायला लागला, आणि तिवईमागच्या खडूच्या रेघाही.

आता सगळं कळलं होतं, आणि बाईंना ते कळलं नसतं तर बरं असं वाटत होतं. गप्प राहावं तर लक्ष्मीकांत सरांवरचा डाग तसाच राहणार. बोलावं तर पुंजाजीचं नाव आपल्याच तोंडून कापलं जाणार. घरी जाताना त्या स्टेशनाच्या पुलावर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी ठरवलं. खरं सांगायचं, पण सगळं सांगायचं, अर्धं नाही.

६

सोमवारी नऊ वाजता प्रयोगशाळेत सगळे जमले. उद्धवसर आणि लक्ष्मीकांत सर दोन टोकांना. गुलाबराव आमंत्रण नसताना. कौशल्याबाई उत्सुकतेने. दारात पुंजाजी आणि त्याची बायको रुखमाबाई, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला.

"आधी प्राचार्यांना काही सांगायचंय," बाई म्हणाल्या.

भगवानरावांनी घसा खाकरला आणि खिशातून बाटली काढून लक्ष्मीकांत सरांच्या हातात ठेवली. "संत्र्यासाठी नेली होती. माफ करा." गुलाबरावांना हसू फुटलं. उद्धवसर मात्र लाल झाले. खोली ओलांडून ते गेले आणि लक्ष्मीकांत सरांचा हात धरून म्हणाले, "बुधवार तुमचा. मी गुरुवारी घेतो." लक्ष्मीकांत सरांना इतकं गलबललं की ते शनिवारही देऊ करायला लागले.

"आता मासोळ्या," बाई म्हणाल्या. "टाकीत रोज तांबं येत होतं. बाटलीतून नाही. तिन्ही टाक्यांचं पाणी एकाच विहिरीचं, रात्रभर ठेवलेलं. संक्रांतीपर्यंत ते तीन रांजणांत राहायचं. संक्रांतीनंतर एक रांजण पालथा पडला. मग पहिल्या टाकीचं पाणी रात्रभर कुठे राहतं, पुंजाजी?"

"गुंडात," पुंजाजी सहज म्हणाला.

सगळ्यांच्या माना व्हरांड्याकडे वळल्या.

"चिंचेने रोज घासलेला तांब्याचा गुंड. त्यात रात्रभर पाणी. रोज घासल्यामुळे भांड्यावर काही साचायला वावच नाही. रोज ताजं तांबं पाण्यात उतरायचं. लक्ष्मीकांत सरांनी आज पहाटे गुंडातलं पाणी आटवून पाहिलं."

लक्ष्मीकांत सरांनी नळी वर धरली. निळी.

"अगं बाई! आणि आपण सगळे तेच पितोय!" कौशल्याबाईंनी छातीला हात लावला.

"माणसाला एवढं काही करत नाही. पण गोगलगाय जाते, आणि मासोळीचे कल्ले चोवीस तास त्याच पाण्यात. म्हणून तर आपल्याला दिसलं नाही. समोर ठेवलेलं, रोज पिलेलं, त्याच्यावर संशय घेणार कोण?"

"माह्या गुंडाले जहर म्हनता?" रुखमाबाईने पदर दातांतून सोडला. "चिच लावून लावून हात खरखरले माह्ये! अन् जहर?"

पुंजाजीला मात्र आता कळलं होतं. तो टाकीजवळ गेला.

"म्याच मारल्या मंग," तो म्हणाला. "सर रोज दोन टाक्यात जहर टाकत, मले पाह्यवत नोतं. म्हनलं, ह्या एका टाकीतल्या तरी चांगल्या ऱ्हाव्या. पाव्हन्याले देतो, देवाले देतो, थेच पानी यायले द्यावं. चोवीस दिवस देल्लं. रोज एक रेघ वढली." त्याने गमछ्याने डोळे पुसले. "साहेब, माह्यं नाव कापा. लक्ष्मीकांत सरांचा काही गुन्हा नाई."

भगवानरावांचा हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला.

"सर," बाई म्हणाल्या, "ज्याच्या हातून झालं त्याचं नाव कापायचं म्हणालात. मग सुरुवातीपासून कापा. गुंड कौशल्याबाईंनी दिला."

"मी?" कौशल्याबाई.

"तो इथे ठेवला रुखमाबाईने. त्यातलं पाणी पिऊन वाहवा केली आपण सगळ्यांनी. आणि मासोळ्यांनी खाणं सोडलं हे एकट्या पुंजाजीने पाहिलं, वेळेवर सांगितलं. ते थंडीवर कुणी ढकललं?"

"मी," उद्धवसर म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र उजळत चालला होता. ते व्हरांड्यात धावले, खडूच्या रेघा मोजल्या, गुंड किती शेरांचा ते रुखमाबाईला विचारलं आणि परत धावत आले. "सर! प्रयोग बिघडला नाही! एन्ड्रिनने ताकद कमी होते हे दुसऱ्या आणि तिसऱ्या टाकीत दिसतंच आहे. स्वच्छ पाण्याची टाकी पुन्हा मांडू. पण तांब्यानेही होते, हे मला सुचलंच नसतं! आणि माझ्याकडे दिवस आहेत, रोजचं माप आहे, मासोळ्यांनी खाणं कधी सोडलं ते आहे. अशी चोख नोंद मी स्वतःही ठेवली नसती. विद्यापीठाच्या लोकांना मेलेल्या मासोळ्याच दाखवू. त्यांना त्याच पाहायच्या असतील!"

"अन् बाकीच्या?" पुंजाजीने विचारलं.

"रांजणातल्या पाण्यात घाला. आत्ता. जगतील असं वाटतं."

पुंजाजी तसाच पळाला. पालथा रांजण सुलटा करताना त्याचा धडधड आवाज आला. भरल्या रांजणातून घमेली भरून आणायला रुखमाबाई लागली, गुलाबरावही धोतर खोचून लागले. भगवानराव मध्येच उभे, पेन्सिल हातात, आणि सगळे त्यांना वळसा घालून पाणी वाहत होते.

अखेर ते टेबलाशी बसले. यादी उघडली. लाल पेन्सिल बाजूला ठेवून त्यांनी काळ्या शाईचं पेन काढलं आणि सावकाश, जाड अक्षरात लिहिलं. मग तो कागद पुंजाजीपुढे धरला.

पुंजाजीचे हात कोपरापर्यंत ओले होते. त्याने कागदाला हात लावला नाही. वाकून अक्षर अक्षर लावत वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. बाईंचा चष्मा धुरकट झाला होता आणि या वेळी त्यांनी तो पुसलाही नाही.

"काय लिवलं वो?" रुखमाबाईने घाबरत विचारलं.

पुंजाजीने घमेलं पुन्हा उचललं.

"लिवलं का उद्याबी या लागते," तो म्हणाला. "परवाबी. रोजच या लागते आता."